गोराईवाला कुठल्या स्टेशनवर लागतो

पोलंड, १७ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

विकलात तुम्ही आणि नाव माझं. परत तेच. तुमची लेक प्रांजल सांगत होती, चिपळूणचे पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं बाजा कुठे दिसत नाही, तर तुम्ही म्हणालात, "सॅक्सोफोन ना? तो आमच्या सिद्धेशने विमानात बसायला खाल्ला." पाहुणे हसले म्हणे. मी नाही हसलो. एजंटला द्यायचे पैसे मी माझ्या दोस्ताकडून, सम्यककडून घेणार होतो, तुम्हाला सांगितलं होतं. तरी तुम्ही एका दुपारी बाजा पिशवीत घालून गेलात, रिकामी पिशवी घेऊन परत आलात आणि आईच्या फोटोखाली पैशांचं पाकीट ठेवलंत. वर म्हणालात, "आता तरी एक काम धरून ठेव." मला विचारलं होतंत का? कोणी सांगितलं होतं विकायला?

आपल्या बापलेकांना हे फोनवर बोलता येत नाही. माझं "हॅलो भाऊ" आणि तुमचं "बरं", की फोन कट. म्हणून कागद. कागद मधेच कट करता येत नाही. वाचायचा नसेल तर कुंदाआत्याला द्या. ती मोठ्याने वाचेल, भिंतीपलीकडे सोनूबाईंना ऐकू जाईल, भटवाडीभर होईल, मग तुम्ही स्वतःच घ्याल हातात.

पण लिहायला बसलो ते भांडायला नाही. एक विचारायचं आहे.

मी आता मश्रूमच्या शेडमध्ये आहे. (लाँड्रीचं काम सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं. त्याच्यावरून वेगळं भांडू.) आत अंधार, दमट, सहा मजली लोखंडी फळ्या, फळ्यांवर माती आणि मातीतून पांढरी डोकी वर आलेली. ट्रॉलीवर उभं राहायचं, वर-खाली जायचं, एकेक मश्रूम फिरवून काढायचा, बूड कापायचं, डब्यात ठेवायचा. मऊ हाताने. बोट उमटलं तर माल परत. इकडे कानात काही घालायला बंदी आहे, कारण वर ट्रॉली असते, खालच्याने हाक मारली तर कळायला हवी. म्हणून सगळ्यांना मिळून एकच रेडिओ, दाराजवळ खिळ्याला. त्यावर दिवसभर इकडची वरातीची गाणी. भाषा कळत नाही पण लग्नाचं आहे हे कळतं, ढुमचिक ढुमचिक.

गेल्या आठवड्यात नेपाळच्या टेकबहादूरने डब्यांची गाडी वळवताना रेडिओला धक्का दिला आणि काटा सरकला. आणि भाऊ, सॅक्सोफोन लागला. नुसता. मागे कोणीतरी हळू ढोल घासल्यासारखं करत होता, बाकी काही नाही. बाशाबाई, म्हणजे आमची मुकादम, काटा परत फिरवायला गेली आणि मी सहाव्या फळीवरून ओरडलो, "हात लावू नको!" मराठीत ओरडलो. कळलं तिला. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाली, "जॅझ." आपण कारलं म्हणताना तोंड करतो तसं करून म्हणाली.

मला आजपर्यंत वाटायचं हा बाजा फक्त वरातीत असतो.

तर विचारायचं हे. आपला गोराईवाला, जो नवरा घोड्यावरून उतरून हॉलच्या दारात पोचला की तुम्ही शेवटी वाजवायचात, तो जॅझ होता का? तुम्हाला शिकवणाऱ्या गोराईच्या बस्त्याव मास्तरांनी तो कुठून आणला? खरं नाव काय त्याचं? वेतोबा ब्रास बँडात मी सात वर्षं तुमच्या मागे झांज वाजवली आणि दर वेळेला तुम्ही एकच सांगितलंत, "गोराईवाला म्हणजे गोराईवाला." मी शोधणार आहे. सापडलं की फोनवर तेवढं एकच सांगेन. बघू मग "बरं" म्हणून ठेवता का.

खोकला नाही मला. प्रांजल वाढवून सांगते.

सिद्धेश


पोलंड, १५ डिसेंबर

भाऊ,

पत्र पोचलं आणि तुम्ही ते वाचलंत, एवढं प्रांजलकडून कळलं. वाचून म्हणालात, "अक्षर सुधारलं नाही." ठीक आहे. कायतरी बोललात.

शोध चालू आहे. मोबाइलवर एक भारी प्रकार सापडला. पृथ्वीचा गोळा येतो, बोटाने फिरवायचा, त्यावर हिरवे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक रेडिओ स्टेशन. जिथे बोट ठेवाल तिथलं आत्ता काय चाललंय ते ऐकू येतं. मी पहिल्यांदा घाटकोपरवर ठेवलं. जाहिरात लागली, फ्लॅटची. मग निघालो फिरायला.

भाऊ, जॅझ म्हणून पाटी लावलेली सगळी स्टेशनं जॅझ नसतात. एक सापडलं, मला वाटलं झकास, दोन दिवस ऐकलं. मग लक्षात आलं, हे तुम्ही वॉचमन आहात त्या मुलुंडच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये वाजतं ते. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघतोय असं वाटायचं. दुसरं एक, माणूसच नाही, मशीन लावून ठेवलीय. तीच चाळीसेक गाणी गोल गोल. तिसऱ्या दिवशी पुढचं कुठलं येणार ते मला आधी कळायला लागलं, सोडलं. फ्रान्सचं एक चांगलं आहे पण तिथली बाई वाजवणाऱ्याचा शेवटचा सूर संपायच्या आत बोलायला लागते. आपला हॉलवाला मॅनेजर नाही का, बँड चालू असताना माइकवर "जेवण तयार आहे" म्हणायचा? तिची बहीण असणार.

जपानचं एक आहे. त्यावरचा माणूस इतका हळू बोलतो की घरात बाळ झोपलंय असं वाटतं. जुन्या तबकड्या लावतो, खरखर येते, ती पण तशीच ठेवतो. आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पोरांचं स्टेशन आहे, ते माझं लाडकं. माइक चालू आहे हे विसरतात, चिवडा खातात, चुकीची तबकडी लावतात, सॉरी म्हणतात, पण कोण वाजवतोय, त्याला कोणी शिकवलं, त्या दिवशी तो रागात होता की आजारी होता, सगळं सांगतात. माझं इंग्लिश तुम्हाला माहीत आहे. तरी अर्धं कळतं, कारण ती पोरं आवडीने सांगतात.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगावी लागली नाही. एक जण चाल टाकतो. दुसरा ती उचलतो, फिरवतो, तिला गावभर हिंडवून आणतो आणि परत पहिल्याच्या अंगावर टाकतो, घे, काय करतोस बघू. डबलबारी आहे ही, भाऊ! पेटी-पखवाज नाही आणि बुवांचे फेटे नाहीत, बाकी भजनाची डबलबारीच. टेकबहादूरला सांगायला गेलो, त्याला डबलबारी कुठे माहीत. तुम्हाला सांगतोय.

गोराईवाला अजून नाही सापडला. मी तो टेकबहादूरला गाऊन दाखवला, टाळ्या वाजवत, आपण वाजवायचो तसा फास्ट. तो म्हणाला, "भाई, ये तो कार्टून का है. चूहा भाग रहा है." चिडलो मी. मग तोंडाने म्हणून रेकॉर्ड केला आणि त्या कॉलेजच्या पोरांना पाठवला. उत्तर आलं! आम्हाला ओळखता आला नाही पण मजा आली, आम्ही तुझं गाणं रेडिओवर लावलं. भाऊ, माझा आवाज अमेरिकेत लागला. माझा, जो आठवीत दोनदा बसला त्याचा. आणि चाल तुमची.

तिकडे कोणीतरी ऐकून ओळखेल अशी वाट बघितली. कोणी कळवलं नाही. अजून एक शंका येते, रागावू नका. मास्तरांनी स्वतःच बनवला असेल आणि मी उगाच जगभर शोधतोय असं तर नाही? तुम्हाला माहीत असेल तर प्रांजलला एक शब्द सांगा.

इकडून पोर्तुगालला जाता येतं, तिथे ऊन असतं म्हणे. दोघं गेले. बघतो.

सिद्धेश


पोलंड, १९ जानेवारी २०२५

भाऊ,

सापडला.

नीट सांगतो, पहिल्यापासून. तुम्ही एक शब्दसुद्धा सांगितला नाहीत, त्याबद्दल नंतर.

बाशाबाईने आज मला आणि टेकबहादूरला जेवायला बोलावलं. रविवारी इकडे सगळ्यांच्या घरी कोंबडीचं सूप असतं, पातळ, पिवळं, आत शेवया. तिची म्हातारी आई आहे, ती खिडकीत जुना रेडिओ घेऊन बसते. आम्ही जाऊन बसलो, समोर ताटं मांडली, भांड्यातून वाफ येतेय आणि कोणी वाढेना. टेकबहादूर मला कोपराने ढोसतोय. मी बाशाबाईला विचारलं, "कोणाची वाट बघायची?" तिने रेडिओकडे बोट केलं.

रविवारी बारा ते एक इकडच्या स्टेशनवर एक म्हातारा जॅझ लावतो. बाशाबाईचा नवरा होता तेव्हापासून या घराचा नियम आहे, म्हातारा संपेपर्यंत वाढायचं नाही. बाशाबाईला स्वतःला जॅझ आवडत नाही. कारल्याचं तोंड त्याच्यामुळेच. पण नियम मोडत नाही.

म्हातारा शेवटी कायतरी बोलला. बाशाबाईने मला मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, तो दर रविवारी हेच बोलतो: "चला, सूप गार होतंय." मग एक सॅक्सोफोन लागला, एकदम हळू. इतका हळू की मला वाटलं बिघडलाय की काय. त्यावर म्हातारी उठली आणि वाढायला लागली, एकेक पळी, त्या चालीवर, घाई नाही. मी ताट पुढे केलं. आणि मधेच मला वाटलं, आता भाऊ डावा खांदा उचलणार.

कळतंय का? वरच्या सुरावर जायच्या आधी तुम्ही श्वास घ्यायचात तेव्हा तुमचा डावा खांदा वर जायचा. मी मागे असायचो, तुमचा खांदाच बघायचो. नेमक्या त्या जागी रेडिओतल्या माणसानेही श्वास घेतला, ऐकू आला. आणि वर गेला. तसाच. तोच गोराईवाला, भाऊ. फक्त नाचत नव्हता. चालत होता. नाही, चालतही नव्हता, दारात उभा राहून मागे वळून बघत होता.

मी उठून उभा राहिलो. टेकबहादूर म्हणाला, "क्या हुआ, बैठ." मी त्याच चालीवर टाळ्या वाजवून, फास्ट करून गाऊन दाखवला. तो हसायला लागला, "अरे, चूहा!" म्हातारीला मात्र समजलं. ती पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, मग मुलीला कायतरी म्हणाली. मी विचारलं काय म्हणाली. "विचारतेय, तुमच्याकडे हे गाणं पळवलं कोणी?"

नाव नाही कळलं. म्हातारा सांगतच नाही. इतकी वर्षं शेवटी तेच लावतो आणि नाव सांगत नाही, म्हातारीला पण माहीत नाही. म्हणजे तुमच्यासारखाच एक इकडे बसलाय.

मी प्रांजलला सगळं समजावलंय, कुठला ठिपका, कुठे दाबायचं. तुमचे साडेपाच म्हणजे माझा एक. हे पत्र पोचलं की त्या रविवारी ती मुलुंडला तुमच्या टॉवरच्या गेटवर येईल. पाच मिनिटं केबिनमध्ये बसून ऐका. फोनवर मी बोलणार होतो ते हेच. आता बघू.

सिद्धेश


पोलंड, ९ फेब्रुवारी

भाऊ,

"हं."

चार मिनिटांचं गाणं ऐकून तुम्ही फक्त "हं" म्हणालात आणि उठून सतराव्या मजल्यावाल्यांच्या गाडीसाठी गेट उघडायला गेलात. प्रांजलने तसंच्या तसं सांगितलं. मी इकडे पोरांना सांगून ठेवलं होतं, आज माझे वडील ऐकणार आहेत. बाशाबाईची म्हातारीसुद्धा विचारत होती काय म्हणाले. मी सांगितलं, आवडलं म्हणाले. खोटं बोललो तुमच्यासाठी.

पण खोटं बोलण्यात तुम्ही माझ्या पुढे आहात. तुम्ही मला सांगितलं होतंत, बाजा एका वाजवणाऱ्याला दिला, चांगल्या हातात गेला. प्रांजल परवा ऑफिसातल्या ऋताच्या वाढदिवसाला अंधेरीला एका हॉटेलात गेली होती. तिथे भिंतीवर जुनी सायकल, दोन पत्र्याच्या पाट्या, एक शिलाई मशीन आणि मधोमध आपला सॅक्सोफोन. कर्ण्याजवळचा तो चेपलेला भाग, विक्रोळीच्या वरातीत घोडा उधळला तेव्हाचा. तिने फोटो पाठवला. मी मोठा करून बघितला, आपलाच आहे. खाली टेबलावर माणसं नूडल्स खातायत.

वेटरला तिने विचारलं, हा कुठून आणला? म्हणाला, बोरिवलीचा डेकोरेशनवाला देऊन गेला. म्हणजे तुम्ही त्याला विकलात. तुम्हाला माहीत होतं ना कशासाठी घेतोय? माहीत होतं. म्हणून तर आम्हाला वाजवणाऱ्याची गोष्ट सांगितलीत.

मला रात्रपाळीनंतर झोप लागली नाही. आधी राग आला. मग त्या फोटोकडे बघत बसलो आणि एक विचार आला. त्या हॉटेलवाल्याला वाजणारा बाजा कशाला हवा? त्याला दिसणारा हवाय. पितळ, मोठं, चकचकीत, बस. आणि आपल्या पोटमाळ्यावर बँडचा तो मोठा पितळी भोंगा, युफोनियम, पडलाय की नाही अजून? दोन वॉल्व मेलेले, बँडमालक पावशे काकांनी टाकून दिला तो? सॅक्सोफोनच्या चौपट दिसतो. चिंच आणि राख लावून घासला तर भिंतीवर सूर्य उगवल्यासारखा दिसेल. तो द्या आणि आपला घ्या. विचारून तरी बघा. पैशाचा विषय येणारच नाही.

नसेल जायचं तर प्रांजलला पाठवा. पण तिला त्याच्या कळा बघता येणार नाहीत, तुम्हालाच जावं लागेल. अंधेरीला मेट्रो थेट जाते, जिने चढायला नकोत, सरकता जिना आहे.

आणि "हं" म्हणजे काय ते तरी सांगा. आवडलं नाही? की तुम्हाला आधीपासून माहीत होतं की ते असं हळू आहे? मला आता तोच संशय आहे. बघा, मी चिडलेलो असलो तरी विचारणं सोडलेलं नाही.

सिद्धेश


पोलंड, १६ मार्च

भाऊ,

तुमचं पत्र आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा शेडमधल्या सगळ्यांना दाखवलं, पाकिटावर तुमचं अक्षर, पोलंडचं स्पेलिंग चुकलेलं. टेकबहादूर म्हणाला, "घर से? सब ठीक?" मी म्हणालो, माहीत नाही, वडिलांनी मला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिलंय.

सगळं वाचलं. हॉटेलचा किस्सा प्रांजलने आधी फोनवर सांगितला होता, तरी तुमच्याकडून वाचायला मजा आली. तुम्ही युफोनियम चादरीत बांधून मेट्रोत नेलात आणि तपासणीला त्या पोरीने विचारलं, "काका, यात काय, बॉयलर?" आणि हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "अंकल, ये बजता है क्या?" आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "बजता नहीं, इसीलिए तो तुम्हारे काम का है." आणि आपला बाजा घेऊन घरी आलात. हे मी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं, दोन भाषांत, हातवारे करून. बाशाबाई पहिल्यांदा हसली.

पण त्या खालचं जे लिहिलंत ते मी कोणाला सांगितलं नाही. ते मी इथे परत उतरवतो, म्हणजे तुम्हाला कळेल की मी नीट वाचलं.

तुम्ही लिहिलंत:

"रेडिओवरचो बरो वाजवता. पण तो पण जरा घाईच करतो. मास्तर त्याहून हळू वाजवायचे. मी खाडी ओलांडून गोराईला शिकायला जायचो तेव्हा त्यांनी हा सगळ्यात शेवटी शिकवला. म्हणाले, धोंडू, लग्नात शेवटी हाच वाजव. नाचणारे दमलेले असतात, नवरा आत गेलेला असतो, मुलीचा बाप दारात एकटा उभा असतो. हा त्याच्यासाठी. नाव त्यांनाही माहीत नव्हतं. बोटीवर काम करताना कुठल्या तरी बंदरात ऐकलेला. मी दहा वर्षं तसाच वाजवला. मग तू आलास झांज घेऊन. बारा वर्षांचा. तुला थांबता येत नव्हतं. पहिल्याच लग्नात, भांडुपला, मी गोराईवाला हळू धरला आणि तुझी झांज पुढे पळाली. साइड ड्रमवाला तुझ्यामागे गेला. मग मलाही धावावं लागलं. दमलेली माणसं परत नाचायला लागली. मुलीचा बाप पण नाचला. पावशे म्हणाले, धोंडू, आता असाच ठेव. मी तुझ्याकडे बघितलं. तू इतका खूश होतास झिला, की माका काय बोलवला नाय. मग तसाच राहिला."

भाऊ, मी हे सहाव्या फळीवर उभं राहून वाचलं. ट्रॉली खाली घ्यायचीच विसरलो.

म्हणजे मी नोव्हेंबरपासून जो शोधत होतो तो, उड्या मारणारा, उंदीर पळतोय तसा, तो जपानमध्ये नव्हता, फ्रान्समध्ये नव्हता, अमेरिकेतल्या पोरांकडे नव्हता. कुठून असणार? तो फक्त भटवाडीच्या वेतोबा बँडात होता. आणि म्हातारीने विचारलं होतं, हे गाणं पळवलं कोणी. मी तिच्यासमोर बसून तिचंच सूप खात होतो.

सांगायचं होतंत ना! एकदा खांद्यावरून मागे बघून नुसते डोळे मोठे केले असतेत तरी मी झांज आवरली असती. नसती आवरली कदाचित. मला आठवतंय ते भांडुपचं लग्न. मला वाटलं होतं बँड माझ्यामुळे उडाला. मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, आज मी वाजवलं तेव्हाच लोक नाचले. तुम्ही तिथेच बसून चहा पीत होता.

आता मला कळतंय असं वाटतं, तुम्ही मला सॅक्सोफोन का दिला नाहीत शिकायला. मी समजायचो तुम्हाला मी त्या लायकीचा वाटत नाही. विचारायचं आहे ते विचारतो: मी हळू व्हायची वाट बघत होता का? खरं सांगा. नसेल तर नाही म्हणा, चालेल.

आज रविवार होता. बाशाबाईकडे गेलो. मी म्हातारीला सांगितलं, पळवलं कोणी ते सापडलं. बाशाबाईने तिला समजावलं, तो हाच. म्हातारी माझ्या हातावर मारून म्हणाली काय माहीत आहे? "मग खूप जण नाचले असतील." मग म्हाताऱ्याने "सूप गार होतंय" म्हटलं आणि तो लागला. मी हात मांडीवर ठेवून बसलो. बोटं दोनदा पुढे पळाली. मी परत आणली. तिसऱ्यांदा पळाली नाहीत. म्हाताऱ्याचा माणूस पण घाई करतो, तुमचं बरोबर आहे, वरच्या सुरानंतर जरा लवकर खाली येतो. मला आधी दिसलं नव्हतं ते.

पोर्तुगालला दोघं गेले होते त्यातला एक परत आला. बाशाबाईने विचारलं, कागद पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाढवू का. मी हो म्हटलं. "एक काम धरून ठेव" म्हणून नाही, उगाच शेखी मिरवू नका चिपळूणच्या पाहुण्यांसमोर. मला अजून पाच-सहा स्टेशनं ऐकायची राहिलीत. आइसलँडमध्ये एक ठिपका आहे, त्यावर अजून गेलोच नाही.

तुम्ही लिहिलंत की बाजाच्या खालच्या चार कळा धरत नाहीत, हवा जाते. भिंतीवर किचनच्या वाफेत टांगलेला होता, कळांखालच्या चामड्याच्या गाद्या कडक झाल्या असणार. त्या बदला. सगळ्या बदला, चारच नाही. आणि मास्तरांच्या वेळची रीड तोंडात घालू नका, नवीन घ्या, दोन. बसवून झालं की ज्या रविवारी तुम्हाला सुट्टी असेल त्या दिवशी साडेचारला (तोवर इकडची घड्याळं तासभर पुढे केलेली असतील) मी फोन करीन. "बरं" म्हणून ठेवायचं नाही. फोन आईच्या फोटोशेजारी उभा करायचा आणि मास्तर वाजवायचे तसा वाजवायचा. बाशाबाईचा रेडिओ आम्ही त्या दिवशी बंद ठेवणार आहोत, म्हातारीने परवानगी दिलीय. तुमचं संपल्याशिवाय ती पळी उचलणार नाही, तेव्हा लवकर संपवू नका. मी मागे असेन, झांज नाही हातात.

कुंदाआत्याला नमस्कार. प्रांजलच्या खात्यावर टाकतोय, गाद्या आणि रीडचे, सहा हजार आठशे.

सिद्धेश